आवाजामागचं गाव

खोली दाखवायला नेलं की एजंट सगळ्यांत आधी खिडकी उघडतो. "मॅडम, सी-व्ह्यू."

मी विचारते, "समुद्र ऐकू येतो का?"

त्याला वाटतं, बाई हौशी आहे. "येतो ना! रात्रभर गाज."

"मग नको," म्हणून मी जिना उतरायला लागते. मांडव्याच्या एका एजंटाने तर मागून हाक मारली होती, "मॅडम, समुद्र बंद नाही करता येत!" त्याचं बरोबर होतं. समुद्र बंद करता येत नाही, म्हणूनच खोली बदलायची.

गेली काही वर्षं मी रायगडच्या किनाऱ्यावर अशा खोल्या बदलत राहते आहे. मांडवा महाग पडलं म्हणून रेवस, तिथे वीज रुसली म्हणून रेवदंडा, एक हिवाळा श्रीवर्धन, एक पावसाळा उरणच्या बाजूला. तिथे कंटेनरच्या ट्रकांनी कान किटले आणि पुन्हा बॅग भरली. बॅगा दोनच. एकीत कपडे, दुसरीत लॅपटॉप, दोन कंपन्यांची सिमकार्डं, बॅटरी आणि चांगला हेडफोन. तरुण मुलं या जगण्याला डिजिटल नोमॅड म्हणतात आणि लॅपटॉपमागे माड दिसेल असे फोटो टाकतात. माझ्या लॅपटॉपमागे गादी असते, उभी करून भिंतीला टेकवलेली, आवाज घुमू नये म्हणून. तिचा फोटो कोणी मागितलेला नाही.

मी दुभाषी आहे. परदेशातल्या इस्पितळांत इंग्रजी न येणारा मराठी माणूस दाखल झाला की डॉक्टर एक बटण दाबतात आणि माझ्या कानात घंटी वाजते. डॉक्टर बोलतात, मी मराठीत सांगते. रुग्ण बोलतो, मी इंग्रजीत सांगते. बस. घालायचं काही नाही, गाळायचं काही नाही. रुग्णाने शिवी दिली तर तीही द्यायची. आणि रुग्ण "माझं" म्हणाला की मीही "माझं"च म्हणायचं. रेवदंड्याला माझे घरमालक निवृत्त मुख्याध्यापक होते. त्यांचं इंग्रजी उत्तम होतं आणि मधली भिंत पातळ. चार दिवस पोट साफ न झालेल्या एका गृहस्थांची तक्रार मी इंग्रजीतून सांगितली, तर संध्याकाळी सरांच्या पत्नी एरंडेलाची वाटी घेऊन दारात उभ्या. "संकोच करू नका हो, आमच्याकडेही होतं कधी कधी." रुग्णाची गोष्ट बाहेर सांगायची नसते. मी आभार मानून वाटी ठेवून घेतली. गादी त्या दिवसापासून आली.

"घरची माणसं नाहीत का भाषांतराला?" असं मला नेहमी विचारतात. असतात. मुलगी असते, सून असते, इंग्रजी फाडफाड बोलणारा नातू असतो. पण मोठ्या निर्णयाच्या वेळी शहाणी इस्पितळं त्यांना बोलू देत नाहीत. घरची माणसं चुकीचं सांगत नाहीत, मायेने सांगतात. डॉक्टर म्हणतात "कर्करोग", मुलगी म्हणते "छोटीशी गाठ आहे, आई." परकी बाई हवी ती म्हणून. जिला कुणाचं वाईट वाटत नाही अशी. म्हणजे वाटतं, पण आवाजात येत नाही.

बाकी हे काम वाटतं तेवढं यंत्रासारखं नाही. डॉक्टर विचारतात, "दहापैकी किती दुखतंय?" एका आजोबांनी शांतपणे उत्तर दिलं, "बारा आणे." घालायचं नाही, गाळायचं नाही, मी इंग्रजीत बारा आणे म्हणाले. मग परवानगी मागून रुपया सोळा आण्यांचा असायचा हे समजावलं. डॉक्टर गणित करत म्हणाले, "साडेसात." आजोबांना सांगितलं तर ते म्हणाले, "साडेसात कुठले? बारा आणे म्हणजे सोसवतंय. सोसत नसतं तर तुला कशाला बोलावलं असतं, आधी ओरडलो नसतो का?" तेही सांगितलं. डॉक्टरांनी फॉर्मवर काय लिहिलं देव जाणे.

एक गोष्ट मात्र या कामात कधी मिळत नाही. शेवट. कॉल संपला की माणूस संपला. वाचला का, घरी गेला का, काही कळत नाही. विचारायचं नसतं. मला त्याची सवय झाली आहे असं मी समजत होते.

आता जे सांगणार आहे ते सांगायला त्या घरच्यांची परवानगी आहे. नावं बदलली आहेत. गावाला आपण खारोंडं म्हणू.

खारोंडं रेवसच्या बाजूला, खाडीच्या आत. समुद्र दिसत नाही आणि ऐकूही येत नाही, म्हणून मला पसंत पडलं. हिरामावशींच्या घरामागची खोली. मावशी विधवा, साठीच्या पुढच्या, आगरी. एक मुलगा ट्रकवर, तो पंधरवड्यातून एकदा दिसायचा. माझ्या कामाविषयी त्यांचं मत स्वच्छ होतं. "दार लावून एकलीच बरबरतं. पैसं देतात वाटतं त्याचं कोन तरी."

मावशी धवलारीण होत्या. आगरी-कोळ्यांच्या लग्नात ही बाई मांडवात बसून धवले गाते, आणि तिच्या गाण्यावर विधी पुढे सरकतात. भटजी असतो, डीजे तर असतोच, पण जुन्या घरांना धवलारीण लागते. ती गाण्यातून गावदेवीला बोलावते, वेशीवरच्या देवाला बोलावते, खाडीला, शेताला, गेलेल्या माणसांना नावानिशी बोलावते. कुणाला विसरली तर तो रुसतो. वाद्य नाही, ठेका नाही. एकीने ओळ म्हणायची, दुसरीने मागून उचलायची. मध्ये खंड पडू द्यायचा नाही, असा दंडक. मावशींच्या मागे पूर्वी त्यांची थोरली जाऊ असायची. ती मुलीकडे परदेशात गेली आणि तिच्या जागी शेजारची एक सून बसू लागली. मावशी तिच्यावर कायम वैतागलेल्या. पण दुसरं कोणी येत नव्हतं.

त्या दुपारी समोरच्या घरात हळद होती. मावशी मांडवात गेल्या. मी खिडकी लावली, गादी उभी केली आणि लॅपटॉपवरची आवाजाची गाळणी चालू केली. ही गाळणी माझा आवाज तेवढा पुढे पाठवते. मागचं कुत्रं, कुकर, डीजे सगळं पुसून टाकते. माझ्या आवाजामागे कुठलंच गाव ऐकू येत नाही, याचा मला अभिमान होता. या धंद्यात तेच कौशल्य.

घंटी वाजली. एका थंड देशातलं इस्पितळ, तिथली सकाळ. डॉक्टरीण होती, आवाजावरून तरुण. मी नेहमीचं सांगितलं. मी दुभाषी आहे, इथे बोललेलं सगळं गुप्त राहील.

डॉक्टरीण म्हणाली, "रुग्ण वयस्कर बाई आहेत. कालपासून दोन दुभाषी झाले. त्या कुणाशीच एक शब्द बोलल्या नाहीत. मुलगी इथे आहे, तिला मी फक्त बसायला सांगितलंय. प्लीज, सावकाश."

मग तिने सांगितलं, मी मराठीत सांगत गेले. उजव्या पायाचं रक्त बंद झालं आहे. पाय गुडघ्याखाली काढावा लागेल. नाही काढला तर विष अंगात पसरेल आणि तुम्ही जगणार नाही. आजच ठरवायला हवं. तुमच्यावर जबरदस्ती कुणी करणार नाही. तुमची इच्छा काय?

काही नाही. यंत्रांची टिकटिक आणि मुलीचं नाक ओढणं. डॉक्टरीण पुन्हा बोलली, मी पुन्हा सांगितलं. मग एक जाड, कोरडा आवाज आला.

"तू कोन गो?"

मी ते डॉक्टरणीला इंग्रजीत सांगितलं आणि आजींना म्हणाले, "मी दुभाषी आहे, आजी."

"त्या कालच्या बाया पन त्याच बोलल्या. गाव कंचा तुजा? बिनगावच्या मानसाला मी माजा पाय दाखवू?"

हेही सांगितलं. डॉक्टरीण म्हणाली, "आमची हरकत नाही. तुम्हाला चालणार असेल तर सांगा."

नियमाने सांगायचं नसतं. पण मी अडले नियमाने नाही. जन्म एका गावचा, शिक्षण दुसऱ्या, लग्न तिसऱ्या, ते मोडल्यावर पुण्यातला फ्लॅट, तोही विकला. सोडलेल्या खोल्यांची गावं तर हवी तेवढी होती. "कंचा" या साध्या प्रश्नाला माझ्याकडे साधं उत्तर नव्हतं. शेवटी जिथे खुर्ची टेकली होती तेच सांगितलं.

"सध्या खारोंड्याला राहते. रेवसजवळच्या."

"खोटी!" आजी कडाडल्या. "पोरीनी सांगितलान तुना."

मुलगी रडत मध्येच म्हणाली, "आई, मी कुनाशी बोलले पन नाय गो!"

"मंग सांग. कोनाचे घरान ऱ्हातंस?"

"हिरामावशींच्या. मागच्या खोलीत."

पलीकडून श्वास घेतल्याचा आवाज आला. मग अगदी हळू, "हिरा माजी धाकटी जाव हाय."

मराठी दुभाषे मुळात थोडे, त्यामुळे असा कॉल माझ्याकडे येण्यात नवल नाही. पण मी त्याच घराच्या भिंतीला पाठ लावून बसले होते. अशा वेळी काय करायचं ते ठरलेलं आहे. कामाच्या रीतीप्रमाणे स्वतःला 'दुभाषी' म्हणत मी डॉक्टरणीला स्पष्ट सांगितलं, "दुभाषी रुग्णाच्या नातेवाइकांच्या घरी भाड्याने राहते, हे तिला आत्ता कळलं. तुम्ही दुसरा दुभाषी मागू शकता." आजींनाही तेच सांगितलं.

"दुसरी कशाला?" आजी म्हणाल्या. "आता कुटं मानूस भेटला. हिरा कय हाय?"

"समोर हळद आहे. मांडवात गातायत."

"मंग माना कशी नाय आयकू येत? तिचा गला खारीपलीकरं जातं."

मी सांगितलं, खिडकी बंद आहे आणि यंत्र बाहेरचे आवाज पुसतं.

"खिरकी उगर."

मी शब्द न शब्द इंग्रजीत सांगितला. हे करावं का, हे दुभाष्याने ठरवायचं नसतं. डॉक्टरीण म्हणाली, "प्लीज. उघडा."

मी गाळणी बंद केली. गादी ओढून बाजूला टाकली. खिडकी उघडली आणि हेडफोन कानावर ठेवूनच त्याचा माईक गजांकडे वळवला.

मावशींचा आवाज आला. जाड, सरळ, एकाच उंचीवरून चालत येणारा. रोज अंगणात ऐकलेला, मासळीवालीशी भांडणारा तोच आवाज. पण आता तो हजारो मैलांवरच्या एका खोलीत शिरत होता आणि तिथली खोली गप्प होत चालल्याचं मला कानात कळत होतं. नर्सच्या चपला थांबल्या. कुणीतरी दार लोटलं. मावशी वेशीवरच्या देवाला बोलवत होत्या. त्यांची ओळ संपली आणि मागून शेजारच्या सुनेने उचलली, अर्धा सूर खाली.

"ही कोन रेकतं?" आजी म्हणाल्या.

मी इमानाने विचारलं, "हू इज धिस ब्लीटिंग?" डॉक्टरीण हसली. कालपासून पहिल्यांदा हसली असावी.

मावशींनी पुढची ओळ म्हटली. ती संपली आणि माझ्या कानात, त्या इस्पितळातून, मागची ओळ आली.

आजी गात होत्या. आवाज चिरका, दम कमी, पण सूर नेमका मावशींच्या सुराला लागलेला. आवाज इथून तिथे पोचायला जो क्षण लागतो, तेवढ्या त्या मागे पडत होत्या. मावशी पुढे गेलेल्या असायच्या आणि आजी मागच्या ओळीत. तरी त्या सोडत नव्हत्या. आणि मावशींना यातलं काही ऐकू येत नव्हतं. खारोंड्यात दोघींना एकत्र ऐकणारी मी एकटीच होते. मी फार हलणारी बाई नाही. पण हात खिडकीच्या गजावर होता तो तिथेच राहिला.

"त्या काय म्हणतायत?" डॉक्टरणीने विचारलं.

सगळं सांगायचं असा नियम. मी म्हणाले, "त्या गातायत. देवांना आणि मेलेल्या माणसांना लग्नाला बोलावतायत. बाहेर एक बाई गातेय, तिच्या मागून." यापेक्षा मला जमलं नाही. हे माझं सगळ्यांत अपुरं भाषांतर.

आजींना धाप लागली. त्या थांबल्या. मग कामाच्या आवाजात म्हणाल्या, "आता डाक्टरनीला इचार. पाय कापून कय टाकनार?"

डॉक्टरीण खरं बोलली. "इस्पितळ नीट जाळतं. घरच्यांना हवा असेल तर ते नेऊ शकतात."

"कोनाच्या संगती जालतं?"

"इतर रुग्णांच्या... इतर भागांबरोबर."

"बगा. वलख नाय, पालख नाय, आनि एके चुलीन." आजींनी जरा विचार केला. "अर्धी मी इकरं जालली आनि अर्धी खारोंड्याला. मंग गानारीनी मेलेल्यांना बोलावला, त मी कंचे गावानशी येव?"

कालपासूनचं गप्प बसणं हे होतं. भीती मरणाची नव्हती, वेदनेची नव्हती. बोलावणं येईल तेव्हा अख्खं जाता यायला हवं, एवढाच हिशेब. मी तो इंग्रजीत मांडला. मग डॉक्टरीण म्हणाली, "याचं उत्तर मला माहीत नाही. पण पाय तसाच राहिला तर कुठलंही विमान तुम्हाला नेणार नाही. काढला तर काही महिन्यांनी कदाचित नेईल. वचन देत नाही."

मी सांगितलं. खिडकीतून मावशींची ओळ आली, आणि मागून ती रेकणारी.

आजी ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "पाय घ्या तुमी. गायाला पाय लागत नाय."

डॉक्टरणीने विचारलं, "म्हणजे होकार?" तर्क करायचा नसतो. मी आजींना विचारलं.

"व्हय गो, व्हय! लग्नान पन येवऱ्या वेला इचारीत नाय!"

कॉल संपला. मी खिडकी लावून घेतली आणि नळाखाली तोंड धरलं.

पुढचे दिवस वाईट गेले. मावशी अंगणात बोंबील वाळत घालताना म्हणायच्या, "जावेची तब्येत बरी नाय म्हनं. पोरगी फोनवर नीट सांगत नाय." मी "हं" म्हणायचे. दोन वाक्यांत त्यांचा जीव हलका करता आला असता. तोंड उघडलं नाही. शस्त्रक्रिया झाली का, पार पडली का, हे मलाही ठाऊक नव्हतं. शेवट न कळण्याची सवय झाली आहे, हा माझा समज त्या आठवड्यात गेला.

मग एका सकाळी मावशींनी दार न ठोठावता ढकललं. "वाचली गो! पाय कापला, पन वाचली. जेवतं पन!" मी उठून उभी राहिले. स्टोव्हवर चहाचं आधण ठेवलं. मावशी खाटेवर बसल्या. "पन डोकं फिरलंय औषधानी. सांगतं काय, दवाखान्यान तिना माजा धवला आयकला. मी बोलली, व्हय बाय, आयकला असशील." त्या हसल्या. "अशी गुंगी ऱ्हातं का गो?"

थेट प्रश्न. खोटं बोलायचं नव्हतं, खरं बोलायचा हक्क नव्हता. मी म्हणाले, "आमच्या कामात पेशंट जे म्हणेल ते तसंच धरतात, मावशी. कमी नाही, जास्त नाही."

मावशी पुन्हा हसायला गेल्या आणि थांबल्या. "पन मागून एक बाय रेकतं, त्या पन सांगितलान तिना. ती सून त जाव हितून गेल्यावर बसाया लागली..." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग खिडकीकडे. मग टेबलावरच्या हेडफोनकडे. चहा घेतला, कप विसळून पालथा घातला आणि गेल्या.

पुढच्या हळदीच्या सकाळी त्या आपला फोन घेऊन आल्या. "ह्या मांडवाचे खांबाला बांदून दे. आवाज मोठा ठेव." मी बांधून दिला. पडद्यावर थोरली जाऊ, मुलीच्या घरी, गुडघ्यावर शाल. शेजारच्या सुनेला मावशींनी पान लावायला बसवलं. ती बिचारी खूश झाली.

मावशींनी पहिली ओळ म्हटली आणि गप्प झाल्या. धवल्यात खंड पडत नाही. मांडवातल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. डीजेवाल्याला वाटलं, झालं. त्याने वायरीला हात घातला.

मावशींनी त्याच्याकडे न बघता तळहात वर केला. "थांब जरा. ती येतं."